सहावा सुगावा

टूसॉन, ॲरिझोना
१५ सप्टेंबर १९९६

प्रिय लव्हॉन,

टोमॅटोच्या बाटल्या पोचल्या. एकही फुटली नाही. आभार. आता कामाचं बोलते.

शिक्षक संघाचं मासिक मला इथे दोन आठवडे उशिरा मिळतं, त्यामुळे माझा संताप तुझ्यापर्यंत उशिरा पोचतोय. बारावं पान. डॅरेल प्रोकॉप, माझ्या जागी आलेला, माझ्या वर्गात, माझ्या फळ्यापुढे, हातात भिंग धरून दात काढतोय. वर मथळा: ‘रुक्ष बीजगणितात रहस्याची गोडी; तरुण शिक्षकाची अभिनव कल्पना’.

अभिनव! ‘चषक कोणी चोरला?’ हा खेळ मी १९७१ साली तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केला. तू आणि तुझा ग्लेन समोर मटार सोलत होता. सहा संशयित, सहा सुगावे, प्रत्येक सुगाव्यात एक असमानता. सोडवली की एकेक संशयित सुटत जातो. चोराच्या बुटाचं माप क्ष. दोन क्ष अधिक तीन हे एकवीसहून मोठं. म्हणजे क्ष नऊहून मोठा. म्हणजे नऊ आणि त्याखालच्या मापाचे सगळे घरी जा. बीजगणिताच्या नावाने पोट दुखणारी पोरं या खेळासाठी मधल्या सुट्टीत बाहेर जायची नाहीत. आणि हा मुलगा म्हणतो, ‘एका सकाळी दात घासताना मला हे सुचलं.’

लेखात त्याने खेळाचा नमुना दिलाय. त्यात एल्मर न्हाव्याचा तीन पायांचा कुत्रा अजून आहे. एल्मरला जाऊन आठ वर्षं झाली, कुत्रा त्याच्याही आधी गेला. चोरी करावी ती निदान कुत्र्याला पुरून तरी करावी.

एकतीस वर्षं मी ड्राय फोर्कच्या पोरांना शिकवलं आणि माझं नाव त्या लेखात एकदाही नाही. माझं सगळं साहित्य तुझ्या तळघरात होतं, पुठ्ठ्याच्या पेटीत, हिरवी दोरी बांधून. ती पेटी त्याच्याकडे कशी गेली?

ऑर्फा

---

ड्राय फोर्क, नेब्रास्का
२९ सप्टेंबर १९९६

प्रिय ऑर्फा,

तुझं पत्र वाचताना कागद गरम लागत होता. उन्हाचा असेल म्हणा.

पेटीचं काय सांगू? वसंतात तळघरात गुडघाभर पाणी आलं होतं. चर्चची मंडळी मदतीला आली, कोणी काय उचललं, कुठे ठेवलं, मला पत्ता नाही. ग्लेनचे मासेमारीचे बूट अजून सापडले नाहीत.

डॅरेल वाईट मुलगा नाही गं. रांगेत कधी मध्ये घुसत नाही, जेवण झालं की स्वतःचा ट्रे पुसून देतो. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढली की ट्रेवरून माणूस कळतो. आणि एक सांगू का, आपल्या कोरिनला गेल्या वर्षी गणितात कसे गुण होते ते तुला माहीत आहे. आता नववीत आहे, तर जेवताना काटा हवेत धरून सांगते, ‘आजी, ड्रायव्हर सुटला! त्याचं क्ष चौदाच्या खाली येतं!’ तिचा बाप गेल्यापासून ती टेबलावर इतकं कधी बोलली नव्हती.

तेवढ्यासाठी तरी सोडून दे ना.

तुझी,
लव्हॉन

---

टूसॉन
८ ऑक्टोबर १९९६

लव्हॉन,

सोडून देणं मला कधी जमलंय? तू मला चाळीस वर्षं ओळखतेस.

मला एवढंच विचारून सांग. तो पोरांना गिरकी घ्यायला लावतो का?

ऑर्फा

---

ड्राय फोर्क
६ नोव्हेंबर १९९६

प्रिय ऑर्फा,

उशीर झाला, रागावू नकोस. पंधरा दिवस भोपळे चिरण्यातच गेले.

गिरकीचं विचारलं. मटणाचा रस्सा वाढता वाढता सहज म्हटलं, ‘मिस्टर प्रोकॉप, ऑर्फा असताना वजा संख्येने भागायची वेळ आली की अख्खा वर्ग उठून गर्रकन स्वतःभोवती फिरायचा. खालच्या मजल्यावर आमच्या थाळ्या वाजायच्या. तुम्ही नाही करत?’ तो हसला. म्हणाला, ‘ते लहान मुलांचं झालं, मिसेस लिंडग्रेन. आम्ही विचार करायला शिकवतो.’ मला आवडलं नाही ते. तुला कळवते एवढंच.

कोरिन मात्र घेते. उन्हाळ्यात तू तिला माझ्या स्वयंपाकघरात शिकवली होतीस ना, ती अजून टेबलापाशी उठून फिरते आणि मग खाली बसून चिन्ह उलटं करते. ती म्हणते, सर स्वतः गणित करत नाहीत, उत्तरांचं पान मांडीवर ठेवून त्यात बघून सांगतात.

बाकी बातमी अशी की ७ फेब्रुवारीच्या चिली-जेवणाला डॅरेल सगळ्या गावासमोर शाळेच्या व्यायामशाळेत तो खेळ घेणार आहे. बाहेरगावाहून शिक्षक संघाचे दोन पाहुणे येणार आहेत. आवडलं तर वर्षाच्या उत्तम शिक्षकाची पाटी त्याला मिळणार. मुलांचे जुने खेळ सगळे खेळून झालेत, म्हणून नव्याच्या शोधात आहे बिचारा.

तुझी,
लव्हॉन

---

टूसॉन
१० डिसेंबर १९९६

प्रिय लव्हॉन,

बिचाऱ्याला नवा खेळ हवाय ना? सोबतच्या जाड पाकिटात आहे. ‘दालचिनी रोलची पाककृती कोणी पळवली?’ सुगावे सहा, मागे उत्तरांचं पान. जुन्या कागदावर, माझ्या जुन्या टंकयंत्रावर. तू फक्त एवढंच करायचं: पाकीट त्याच्या पत्रांच्या खणात ठेवायचं आणि सांगायचं, पेटीतून निसटून हे तळघरात राहिलं होतं.

आता नीट वाच. पहिल्या पाच सुगाव्यांची उत्तरं अगदी बरोबर आहेत. सहाव्याला दोनच संशयित उरतात. न्हावी, जो घंटेनंतर तीन मिनिटांनी स्वयंपाकघरात शिरला, आणि बसचा ड्रायव्हर, जो आठ मिनिटांनी शिरला. सुगावा असा: वीस वजा तीन क्ष, हे पाचाइतकं किंवा पाचाहून लहान. वीस पलीकडे नेले की वजा तीन क्ष हे वजा पंधराइतकं किंवा त्याहून लहान. आता वजा तीनने भागायचं. इथे गिरकी! चिन्ह उलटतं आणि क्ष पाच किंवा पाचाहून मोठा निघतो. चोर ड्रायव्हर.

उत्तरांच्या पानावर मी चिन्ह उलटवलेलं नाही. तिथे क्ष पाच किंवा पाचाहून लहान आहे. चोर न्हावी.

ज्याने गिरकी घेतली असेल त्याला फरक तिथल्या तिथे दिसेल. कागद चोरता येतात, गिरकी कागदावर नव्हती. मुलं एक नाव सांगतील, तो पानात बघून दुसरं सांगेल, आणि पाहुण्यांसमोर, शाळेच्या संचालकांसमोर, अख्ख्या गावासमोर त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडेल. मला ते बघायला मिळणार नाही एवढंच दुःख आहे. तू बघ आणि मला सगळं लिही. त्याच्या कानांचा रंगसुद्धा.

हो, मी दुष्ट आहे. एकतीस वर्षं चांगली होते, त्याचं काय झालं ते मासिकात बघ.

ऑर्फा

---

ड्राय फोर्क
१७ डिसेंबर १९९६

प्रिय ऑर्फा,

पाकीट आज सकाळी आलं. दोन कप कॉफी होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मग ऑफिसात गेले आणि त्याच्या खणात ठेवलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत येऊन माझा हात हातात घेतला, म्हणाला, ‘मिसेस लिंडग्रेन, तुम्ही देवासारख्या भेटता.’ मला भाजी ढवळायला लागली.

माझ्याकडून तुझं एक येणं होतं, ते फिटलं असं समज. कसलं ते विचारू नकोस.

नाताळच्या शुभेच्छा. तिथे बर्फ नाही म्हणजे कसला नाताळ!

लव्हॉन

---

ड्राय फोर्क
९ फेब्रुवारी १९९७

ऑर्फा,

‘प्रिय’ लिहायला हात उचलत नाही.

तुला सगळं लिहायचं होतं ना? लिहिते. व्यायामशाळा खचाखच. खिमा-राजम्याच्या चिलीची चार भांडी, तीनशे वीस दालचिनी रोल. डॅरेलने चार मुलं पुढे बोलावली. चौथी कोरिन. ती पुढे असणार हे तिने मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आजीला चकित करायचं होतं तिला. अंगात माझा निळा स्वेटर.

पाच सुगावे झाले, टाळ्या झाल्या. सहावा आला. बाकीच्या तिघांनी कागदावर घाईघाईने लिहून ‘न्हावी’ म्हटलं. कोरिन उठली. तीनशे माणसांसमोर तिने गिरकी घेतली, पूर्ण, हात पसरून. लोक हसले, त्यांना वाटलं नाटकाचा भाग आहे. ती म्हणाली, ‘ड्रायव्हर.’ डॅरेलने मांडीवरचं पान बघितलं. म्हणाला, ‘पुन्हा बघ, कोरिन.’ ती म्हणाली, ‘बघितलं. ड्रायव्हर.’ तो म्हणाला, ‘नाचण्यापेक्षा गणिताकडे लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.’ मग तर सगळेच हसले. पाहुणेही. ती उभीच राहिली. ‘ड्रायव्हर’ असं तिसऱ्यांदा म्हणाली. त्याने तिला खाली बसायला सांगितलं.

आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही, ऑर्फा! तुझा सगळा डाव या भरवशावर होता की तिथे कोणीतरी गणित करेल. संचालक रोल खात होते. पाहुण्यांनी मान डोलावली. न्हावी झालेल्या माणसाला खोट्या बेड्या घातल्या, फोटो काढले. डॅरेलला पाटी मिळाली. त्याचे कान नेहमीच्याच रंगाचे होते.

मी परातीमागे होते, तिथून आवाज पोचला नसता.

कोरिन दोन दिवस खोलीत आहे. म्हणते, मला गणित येतं असं मला उगीच वाटत होतं, सोमवारी वर्ग बदलून घेते. आणि हे तू केलंस.

आता माझंही ऐक. पेटी मीच दिली डॅरेलला. पाणीबिणी काही आलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी तू ती माझ्या अंगणात टाकून म्हणाली होतीस, ‘जाळून टाक, या गावाला माझी गरज नाही.’ माझ्याने जाळवेना, म्हणून तळघरात ठेवली, एवढं तुलाही माहीत होतं. कोरिन नापास होत होती आणि तो मुलगा बावचळून गेला होता, म्हणून दिली. त्याने तुझं नाव सांगायला हवं होतं, ते त्याचं पाप. पण चोरी नव्हती ती. तुला सांगायचं धाडस मला झालं नाही.

लव्हॉन

---

टूसॉन
१४ फेब्रुवारी १९९७

प्रिय कोरिन,

हे पत्र तुझ्या आजीला नाही, तुला आहे.

तुझं उत्तर बरोबर होतं. ड्रायव्हर. वजा तीनने भागल्यावर चिन्ह उलटतं, तू ते उलटवलंस, त्या सभागृहात तू एकटीनेच बरोबर गणित केलंस. उत्तरांचं पान चुकीचं होतं आणि ते चुकून चुकलेलं नव्हतं. ते मी चुकवलं. तो खेळ मी बनवला आणि मिस्टर प्रोकॉपना हसं करावं म्हणून त्यात सापळा ठेवला. सापळ्यात तू सापडलीस.

मी स्वतःला हुशार समजत होते. मी प्रत्येक संशयिताचा विचार केला, फक्त वर्गात मुलं असतात याचा विचार केला नाही. एकतीस वर्षं शिक्षिका होते मी.

यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही. या पत्राचं तुला जे करायचं असेल ते कर. संचालकांना दाखव, वर्तमानपत्रात दे. वर्ग मात्र बदलू नकोस.

ऑर्फा आत्या

---

ड्राय फोर्क
२४ फेब्रुवारी १९९७

प्रिय ऑर्फा आत्या,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा आनंद झाला, तिसऱ्यांदा राग आला. चौथ्यांदा त्यातली एक ओळ खोटी निघाली.

‘यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही.’ आजी पत्रं पिठाच्या डब्यामागे ठेवते. तुमचं १० डिसेंबरचं पत्र मला मिळालं. १७ तारखेला आजीने ते वाचलं, पाकिटावर तिनेच तारीख लिहिलीय. ७ फेब्रुवारीला परातीमागे होते असं ती मला सांगते, पण ती पहिल्या रांगेशेजारी रोल वाढत होती. माझ्यापासून सहा फुटांवर. मी तिच्याकडे बघितलं होतं आणि तिने खाली बघितलं होतं. ती मूग गिळून बसली, कारण बोलली असती तर तुम्ही दोघी सापडला असता. मी अजून तिला काही म्हटलेलं नाही. रोज तिच्या हातचं खाते आणि काही म्हणत नाही. तिला ते जास्त लागतंय.

वर्ग बदललेला नाही. मिस्टर प्रोकॉपना मी फळ्यावर सहावा सुगावा सोडवायला सांगितला. सोडवता सोडवता ते लालबुंद झाले. म्हणाले, तासानंतर बोलू. तासानंतर कॉरिडॉरमध्ये हळूच म्हणाले, ‘तुझं बरोबर होतं.’ व्यायामशाळेत मोठ्याने चूक आणि कॉरिडॉरमध्ये हळूच बरोबर. मला हे चालणार नाही.

१४ मार्चला मोसमातलं शेवटचं चिली-जेवण आहे. मी त्यांना सांगितलंय की त्या दिवशी खेळ मी घेणार, नाहीतर तुमचं पत्र संचालकांकडे जाईल. ते तयार झाले.

माझा खेळ सोबत पाठवते आहे. ‘कोरिनला खाली कोणी बसवलं?’ एकच सुगावा आहे. पान चुकीचं आहे हे संशयिताला जेवणाच्या किती दिवस आधीपासून माहीत होतं, ते दिवस म्हणजे क्ष. ऑर्फा आत्या: ५९. आजी: ५२. मिस्टर प्रोकॉप: ०. सुगावा: शंभर वजा दोन क्ष, हे चाळीसहून लहान.

मागे उत्तरांचं पानही जोडलंय, म्हणजे तुम्हाला या वयात त्रास नको. बघा आणि बरोबर आहे का एवढं कळवा. तसंच मोठ्याने वाचून दाखवीन.

कोरिन

---

टूसॉन
३ मार्च १९९७

प्रिय कोरिन,

तुझं पान मी आधी वाचलं. त्यावर लिहिलंय: क्ष तीसहून लहान. दोषी एकटे मिस्टर प्रोकॉप. मी निर्दोष, तुझी आजीही निर्दोष.

सप्टेंबरपासून मला हेच हवं होतं. सगळ्या गावासमोर, त्याच्याच व्यायामशाळेत, त्याच्याच विद्यार्थिनीच्या तोंडून त्याचं नाव. मला फक्त ‘बरोबर आहे’ असे दोन शब्द लिहायचे होते. ते पान पूर्ण दिवस माझ्या टेबलावर होतं आणि खोटं कशाला बोलू, सकाळच्या कॉफीपर्यंत मी ते दोन शब्द लिहिणार होते. त्या मुलाचा राग माझ्या पोटात अजून तसाच आहे. माझं नाव त्याने सांगितलं नाही याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी आणि ते मी त्याला माझ्या तोंडाने सांगेन, त्याच्या समोर उभी राहून.

पण मग मी पेन्सिल घेतली. शंभर पलीकडे नेले. वजा दोन क्ष हे वजा साठहून लहान. आता वजा दोनने भागायचं. मी खुर्चीतून उठले. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे निकामी, फ्रिजला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरले. खिडकीतून शेजारीण बघत होती.

क्ष तीसहून मोठा. तुझ्या पानावर चिन्ह उलटवलेलं नाही, आणि ते तू मुद्दाम ठेवलंयस. मी पान वाचते की गणित करते, हे तुला बघायचं होतं. एकतीस वर्षांत माझी इतकी निर्दय परीक्षा कोणी घेतली नव्हती.

एकोणसाठ तीसहून मोठे. बावन्न तीसहून मोठे. असमानतेचं हेच आहे, पोरी, उत्तर एकटंच येत नाही. ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं तो एकटा सुटतो आणि आम्ही दोघी आत राहतो.

आजीशी अबोला आता सोड. हे पत्र तिला दाखव आणि सांग, तिलाही फळ्यापुढे यायचंय. १२ मार्चच्या बसने मी निघते, १४ तारखेला दुपारी पोचेन. तू सुगावा वाच. मिस्टर प्रोकॉपनी फळा धरावा, तेवढं त्यांना जमेल. सोडवेन मी. मधल्या पायरीला मी थांबेन आणि गावासमोर गिरकी घेईन, कशालाही न धरता. मला पडू देऊ नकोस. पडलेच तर कोणी हसायच्या आधी मोठ्याने सांग की उत्तर तीसहून मोठं आहे आणि ते तू सांगितलं होतंस.

ऑर्फा आत्या